चौकटीखालचा तुकडा

एक्स-रे दाखवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. तो तपासून बघणाऱ्या ताई एक दिवस माझ्या टेबलाशी आल्या. "सूचनेची चौकट बंद केली ना, की तिच्याखाली आधीच्या पेशंटच्या फोटोचा तुकडा तसाच राहतो. दर वेळी नाही, पण राहतो," त्या म्हणाल्या. माझ्या मशीनवर तसं काही दिसेना. "विंडो जरा हलवली की नीट होतं ताई, जाऊ द्या," म्हणून मी त्यांनी नोंदवलेली तक्रार बंद केली. त्यांनी ती पुन्हा उघडली, मी पुन्हा बंद केली. दीड महिन्याने आमचा प्रोग्रॅम वापरणाऱ्या हॉस्पिटलमधून डॉक्टरबाईंचा फोन आला. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंच्या फुप्फुसातली गाठ अशाच तुकड्याखाली झाकली गेली होती, आणि सगळं ठीक आहे म्हणून त्यांना घरी पाठवलं होतं. मी प्रोग्रॅम उघडून ओळ न् ओळ तपासली. चौकट मिटल्यावर खालचं चित्र नव्याने काढायला सांगणारी एक ओळ मी विसरलो होतो. ती लिहायला दोन मिनिटं लागली. संध्याकाळी मीच डॉक्टरबाईंना फोन लावला. "त्या बाईंना परत बोलावलंय. आता उपचार जड जातील," त्या म्हणाल्या. "त्यांना काय सांगितलंत?" मी विचारलं. "मशीनची चूक झाली, असं सांगितलं." चूक माझी होती, हे अगदी ओठांवर आलं होतं. "बरं," एवढंच मी बोललो आणि फोन ठेवला. समोरच्या टेबलावर ताई काम करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.