वजीर दिला तेव्हा

बुद्धिबळाचा सामना लाइव्ह चालला होता आणि चॅटमध्ये जगभरचे शहाणे जमले होते. हरली तर स्पर्धेतून बाहेर, अशा डावात ग्रँडमास्टर बाईने चक्क वजीर देऊन टाकला. पडद्यावर कोण वरचढ ते दाखवणारी संगणक-इंजिनची पट्टी धाडकन खाली आली आणि ज्यांना स्वतःहून एक प्यादं हलवता येत नाही, त्यांनाही अक्कल फुटली.

"बाईंचे दिवे गेले वाटतं!"

"अहो, घरी गॅस चालू राहिलाय, त्याची घाई आहे!"

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाची फ्रेम हातात धरून तिचा थोरला भाऊही हे वाचत होता. घोडा कसा चालतो हे तिला त्यानेच शिकवलं होतं. पण आता तिची बाजू घेतली तर आपलीही टर उडेल, ही त्याला भीती. म्हणून 'अडीचघर' या टोपणनावाने त्यानेही ठोकून दिलं, "हिला भांडी घासायला पाठवा रे कुणीतरी!"

सगळ्यात जास्त हशा त्यालाच मिळाला. मेल्याला बरंही वाटलं.

मग इंजिनने आणखी खोलवर हिशेब केला, पट्टी सरसर वर चढली आणि थोड्याच चालींत समोरच्याने हार मानून हात पुढे केला. चॅटवाले त्याच तोंडाने "वा, काय चाल!" म्हणू लागले.

दुकानात फोन वाजला.



"दादा, जिंकले रे! चॅटवर फार घाण बोलत होते म्हणे. मी म्हटलं, बोलू देत, आमचा दादा असेल तिथे, एकटा सगळ्यांशी भांडत."