दरीचं चित्र

दरीच्या काठावर हॉटेल टाकून बसलेल्या लोणावळ्यातल्या मालकाने माझं दरीचं चित्र परत केलं. "चैतालीताई, कॅलेंडर वाटतंय." राग याचा आला, की माणूस खरं बोलला होता. हिरवा रंग मी असा फासला होता, जसा कुणी पत्र्याच्या टपरीला फासतो.

त्या चित्राची मग मी गय केली नाही. बाबांनी विहारातून पौर्णिमेच्या मेणबत्त्यांची थोटकं आणली होती. ती वितळवून चित्रावर ओतली, त्यात वाळकं गवत, माती, वर्तमानपत्राचे तुकडे दाबले आणि वरून गरम हवेची हीट गन फिरवली. पण मेण स्वस्तातलं. गार झाल्यावर सगळं पांढरंफटक झालं. गड, नदी, गवत, सगळं आत गडप.

"चुलीत घाल आता," बाबा म्हणाले.

मी ते तसंच नेऊन मालकाच्या काउंटरवर आपटलं. "आता वाटतंय का कॅलेंडर?"

मालकाने चित्राकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर दाटलेल्या धुक्याकडे.

"ही खरी आपली दरी, ताई. माझं गिऱ्हाईक हीच बघून जातं. आधीची कुठल्या गावची होती?"