न वाचलेली जनुकं

"शाल्मलीची जनुकं वाचू नका," वृंदानंच डॉक्टरांना निक्षून सांगितलं होतं. हल्ली स्थळं पत्रिकेऐवजी जनुकांचा अहवाल मागत. आपल्या आठ वर्षांच्या पोरीला आत्तापासून खोट कशाला चिकटवून घ्यायची? रक्ताचा कर्करोग बरा होणारच होता. तिच्या भावाच्या मूळपेशी जुळल्या होत्या.

त्या रुजल्याही. पण त्याआधी रोगट पेशी मारायला दिलेल्या जालीम औषधानं यकृत पार निकामी केलं.

"ते औषध तिच्या जनुकांना सोसणारं नव्हतं. आधी कळलं असतं, तर दुसरं दिलं असतं," डॉक्टर म्हणाले.

"मग आता वाचा ना! सगळं वाचा!"

डॉक्टरांनी यकृताचा अहवाल मिटून बाजूला ठेवला.

शाल्मलीनं आपले पिवळेजर्द हात आईपुढे धरले. "आई, बघ ना," ती क्षीण हसली, "मावशीला लग्नात हळद लावली होती, तश्शी दिसतेय मी."