एकोणीस युरोंचं पॅरिस

तिकिटाचा आकडा डोळ्यांदेखत चार युरोंनी चढला, तसा कोलमननं टॅब्लेट टेबलावर पालथा घातला. चहा ओतता ओतता त्याची बायको ब्रीडा म्हणाली, "दुधाचा ट्रक चालवताना कधी एवढा घाम फुटला नव्हता तुला."

महिनाभर हेच चाललं होतं. एनिस गावातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात सकाळ झाली की कोलमन विमानांच्या मागे लागायचा. शनिवारी महाग, बुधवारी स्वस्त. पाठीवरच्या पिशवीला काही नाही, बॅग दिली की तिकिटापेक्षा बॅगच महाग. हे सगळं त्याला मुलीनं, सोर्चानं, शिकवलं होतं. पेन्शनीत बसवायचं होतं हे खरंच, पण खरी घाई निराळी होती. ब्रीडाची फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की छोटा विमानप्रवास चालेल, त्यापुढे गाडीत तासन्‌तास बसणं नको, आणि जायचं असेल तर याच वसंतात जा.

जायचं होतं पॅरिसलाच. लग्नाच्या जेवणात सगळ्या पाहुण्यांसमोर ग्लास उंचावून कोलमननं जाहीर केलं होतं, बायकोला नोत्र-दामचं चर्च दाखवीन. त्यानंतर पोरं झाली, छपराचं काम निघालं, ट्रकच्या फेऱ्या वाढल्या. दर उन्हाळ्यात जाणं व्हायचं ते जवळच्या किलकीच्या समुद्रावर. ब्रीडानं त्यावरून कधी टोमणा मारला नाही. कुणी विषय काढलाच तर ती हसून म्हणायची, जाऊ की कधीतरी.

अखेर एका सकाळी पडद्यावर 'पॅरिस' आणि त्यापुढे एकोणीस युरो, असं झळकलं. खाली बारीक अक्षरांत विमानतळाचं नाव होतं, ते कोलमननं वाचलं नाही. आधी बोट दाबलं, मग श्वास सोडला.

खिडकी अर्थातच ब्रीडाला मिळाली. ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसत होती. एनिसला पाऊस होता. विमान त्या करड्या ढगांत शिरलं, हादरलं, आणि एकदम वर लख्ख ऊन निघालं. खाली पांढरं रान क्षितिजापर्यंत पसरलं होतं, त्यावर विमानाची एवढीशी सावली पळत होती. ब्रीडानं नवऱ्याचा हात घट्ट धरला. "रोज आपल्या डोक्यावर हे असतं," ती म्हणाली, "आणि आपण खाली छत्र्या शोधत बसतो."

उतरले तो विमानतळ बसस्टँडापेक्षा जरासाच मोठा होता. बरोबरचे प्रवासी पिशव्या सावरत बसेसकडे धावले. ब्रीडाला बाकावर बसवून कोलमन चौकशीच्या खिडकीशी गेला. तिथं तो बराच वेळ उभा होता. आतल्या मुलीनं नकाशा काढून त्यावर लांबवर बोट फिरवलं, मग घड्याळाकडे दाखवलं. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. बसला फार गर्दी आहे, टॅक्सी करू, चर्च जवळच आहे, असं तो म्हणाला. ब्रीडानं क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उठून कोटाची बटणं लावली.

टॅक्सी लगेचच पोचली. एवढ्या मोठ्या शहराच्या मानानं रस्ते शांत आहेत, असं ब्रीडा म्हणाली. बुधवारी असंच असतं, कोलमननं सांगितलं. तिनं नदीचं विचारलं, तर ती मागच्या अंगाला आहे, असं तो म्हणाला. चित्रातले ते दोन मनोरे कुठे गेले म्हणाली, तेव्हा मात्र तो अडखळला. मग त्यानं नोत्र-दामला लागलेल्या, टीव्हीवर पाहिलेल्या आगीची आठवण करून दिली. काम चालू असेल अजून, म्हणाला.

"असेल," ब्रीडा म्हणाली.

दार ढकलून ते आत गेले.

छत बघायला कोलमननं मान मागे टाकली. आणखी मागे टाकली. टोपी खाली पडली तरी छत संपेना. एनिसचं चर्च कळसासकट उचलून इथं ठेवलं असतं तरी कोपऱ्यात मावलं असतं, असं त्याला वाटलं. इतकं उंच बांधायचा हट्ट दगडालाही पेलला नसावा. एका बाजूला खांबांना लाकडाचे जाडजूड टेकू दिले होते. त्या टेकूंमुळे ते सगळं जास्तच खरं वाटत होतं. कुणीतरी आपल्या कुवतीबाहेरचं मागितलं होतं, आणि शेकडो वर्षं ते कसंबसं का होईना, उभं होतं.

फार वरून रंगीत काचांतून ऊन उतरत होतं. निळा, मग लाल, मग पुन्हा निळा प्रकाश ब्रीडाच्या हातांवर सरकत होता. ती खुर्चीवर बसून होती, तोंड किंचित उघडं. सकाळपासून लागलेली तिची धाप केव्हाच शांत झाली होती. कोलमन तिच्याशेजारी बसला. किती वेळ गेला ते दोघांनाही कळलं नाही.

शेवटी तिनं डोळे पुसले.

"पाळला की नाही शब्द?" कोलमननं हळूच विचारलं.

"पाळलास." तिनं त्याची टोपी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "सोळा वर्षांची होते तेव्हा शाळेतल्या नन्सनी आम्हाला बोटीनं नि आगगाडीनं लूर्दच्या यात्रेला नेलं होतं. येताना एक दिवस पॅरिसला थांबलो. नोत्र-दामच्या आवारात बसून मी उकडलेलं अंडं खाल्लंय."

कोलमनच्या मांडीवरची टोपी पुन्हा खाली घसरली.

"तू सगळ्यांसमोर इतका ऐटीत बोललास की मला सांगवेना. पुढे मग राहूनच गेलं." तिनं पुन्हा एकदा वर पाहिलं. "पण ते याच्यापुढे काहीच नाही रे. आता मला एवढं सांग, हे गाव कुठलं?"