अर्थिंगची तार

दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला श्रावण संध्याकाळी कानाला हेडफोन लावून रेडिओ ऐकायला बसला, की नेमकी त्याची बायको पंचफुला परसात भांडी घासायला काढायची. "काहून आदळआपट करून राह्यली वं? काई आयकू येऊन नाही राह्यलं!" तो रोज खेकसायचा.

पंचफुला वारली. श्रावण खानावळीत जेवू लागला, आणि महिनाभरात हेडफोनमध्ये भुंगा शिरल्यासारखी घूं घूं सुरू झाली.

मिस्त्रीनं रेडिओ उघडून पाहिला, मग परसात जाऊन रेडिओच्या अर्थिंगची तार गाडली होती तिथली माती उकरली. "रेडिओत काईच खराबी नाही, काका. ह्या तारेले ओल लागते, अन् इथं तं माती ठनठनीत कोरडी हाय."



मग हात झटकत त्यानं सहज विचारलं, "पह्यले इथं रोज पानी कोन सांडत होतं?"