निर्दोष

आमच्या घराण्यातल्या एका सुनेला अडीचशे वर्षांपूर्वी गावाने चेटकीण ठरवून वाळीत टाकलं होतं. इतिहासात पीएच.डी. करताना मला तिच्याबद्दलचे मोडी कागद सापडले. गावात तापाची साथ आली, लेकरं दगावली आणि खापर तिच्यावर फुटलं, एवढंच खरं. ते सांगायला मी माझ्या पॉडकास्टचा एक भाग केला.

"त्यात घराचं नाव कशाला घ्यायचं?" सासूबाई सारख्या म्हणत होत्या. "तू माईकसमोर बोलून मोकळी होशील. पोरीला याच गावात वाढायचं हाय."

"आई, ती निर्दोष होती असंच सांगतेय ना मी. आणि लोक आता शिकलेत."

"व्हय, शिकलेत. बघ बाई."

तो भाग गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. चार दिवस मी धास्तावलेलीच होते. माझी चार वर्षांची राही अंगणात खेळायला गेली की खिडकीतून हलायचे नाही. पण कुणी वावगं बोललं नाही. उलट पाचव्या दिवशी शेजारची तेजस्वी तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन मुद्दाम दारात आली.

"वहिनी, दोनदा ऐकलं मी. रडूच आलं हो. काय अडाणी लोक होते ना तेव्हा!"

माझा जीव भांड्यात पडला.



तेवढ्यात राहीने बाळाचा गाल धरायला हात पुढे केला, आणि तेजस्वीने बोलता बोलता बाळाच्या तोंडावर दुपटं ओढलं.