कुजक्या फळ्या

जुन्या धान्यकोठाराच्या डागडुजीचं काम मिळालं, तेव्हाच सुतारमिस्त्रींनी मनातल्या मनात नफा मोजून ठेवला: मजुरी बेताचीच, पण उतरवलेली प्रत्येक जुनी फळी आपली. वारसा समितीच्या बाईच म्हणाल्या होत्या, "ती कुजकी लाकडं घेऊन जा हो मिस्त्री. आम्हाला कोठार जपायचंय, सरपण नाही."

मग काय, फळीची कड जराशी झिजलेली दिसली की मिस्त्रींचा जीव कळवळायचा आणि फळी खाली यायची. नऊ वर्षांत कोठार नवंकोरं झालं आणि मिस्त्रींच्या परसात ऐसपैस गोठा उभा राहिला. बायकोने आपल्या दोन गायी आत बांधल्या आणि म्हणाली, "एवढं कुजकं लाकूड, आणि एक भोक नाही हो!"

यंदा कोठाराची सरकारदरबारी नोंद करायला तज्ज्ञ आले. त्यांनी भिंतीवर टकटक केली, नाक मुरडलं आणि पाणी प्यायला म्हणून मिस्त्रींकडे वळले, ते गोठ्यापाशीच थबकले.

"अहो, दोनशे वर्षांचं लाकूड तर इथं आहे!"

महिन्याभरात गोठ्यावर पितळी पाटी लागली: 'ऐतिहासिक वास्तू. आत जनावरे बांधू नयेत.' दुसरा गोठा घालायला परसात जागा उरली नव्हती, म्हणून गायी विकल्या. गोठ्याच्या देखभालीचं काम मिस्त्रींनाच मिळालं.



बायको अजूनही रोज सकाळी सवयीने बादली घेऊन परसात जाते, पाटी वाचते, आणि परत येऊन कोरा चहा टाकते.